दाराबाहेरचें मूल

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठीं अभ्यास. शास्त्रपाठ : याकोब २:१-९, २ शमुवेल ९, प्रेषितांचीं कृत्यें ६:१-७.

याकोबानें आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत एका सभेचें चित्र काढिलें आहे. दोन माणसें आंत येतात. एकाच्या बोटांत सोन्याची अंगठी व अंगावर भारी वस्त्र आहे. दुसऱ्याचे कपडे मळलेले आहेत. सभेची व्यवस्था पाहणारा मनुष्य पहिल्याला चांगली जागा देतो. दुसऱ्याला तो हांकलून देत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावी. त्याला तो कोठें तरी बाजूला उभें राहावयास किंवा पायांपाशीं खालीं बसावयास सांगतो, एवढेंच. गरीब मनुष्य सभेंत आला, त्याच्या कानांवर वचन पडलें, कोणीं त्याला शिवी दिली नाहीं. तरीसुद्धां त्या सभेनें पाप केलें असें याकोब म्हणतो, आणि तें पाप बसण्याच्या जागेविषयींचें आहे.

हा पाठ आमच्या वऱ्हाडांतील मंडळ्यांना नवा नाहीं. उपदेशक तो उपासनेंत वाचतात, आणि श्रोते आपल्या मनांत गांवचा सावकार व गांवचा मजूर यांना पाहतात. आज आम्ही तो मुलांच्या वर्गाला लावून पाहणार आहों. शब्बाथशाळा असो, उन्हाळ्याच्या सुट्टींतील बायबल शाळा असो, किंवा उपदेशकाच्या ओसरीवर दिवेलागणीनंतर भरणारा अभ्यासवर्ग असो. जेथें म्हणून आपण लेंकरांना एकत्र बसवून शिकवितों, तेथें कोण कोठें बसतें हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आम्ही अकोला जिल्ह्यांतील एका गांवीं शब्बाथशाळा पाहावयास गेलों होतों. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं; असें गांव एकच नाहीं. प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती व तिच्यावर वीस-बावीस मुलें बसलीं होतीं. गायन चांगलें झालें. सुवर्णवचन सर्वांनीं न अडखळतां म्हटलें. ओसरीखालीं, जोत्याच्या दगडावर, आणखी दोन मुलें बसलीं होतीं : एक दहाएक वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. गाणें चाललें असतां त्या मुलाचे ओठ हलत होते. शब्द त्याला येत होते. म्हणजे तो त्या दिवशीं पहिल्यानेंच आला नव्हता. शाळा सुटल्यावर आम्हीं शिक्षकांना त्यांच्याविषयीं विचारिलें. हे बंधु मोठे भाविक आहेत. कित्येक वर्षें एक पैसा न घेतां हें काम करीत आले आहेत. ते म्हणाले, “थे पारध्याचे पोट्टे हायेत जी. आज हायेत, उद्या नाईत. आमी त्याईले नाई म्हनलं नाई. थेच तठी बसतेत.”

तेच तेथें बसतात! घरीं परत येतांना आम्ही या शब्दांचा विचार करीत राहिलों. वाचकहो, हेंच वाक्य आपल्या आज्यापणज्यांविषयीं बोललें गेलें आहे. शाळेच्या ओट्याखालीं, विहिरीपासून दूर, चावडीच्या पायरीपलीकडे ते बसत, आणि गांवचे भले लोक म्हणत कीं त्यांना कोणी नको म्हटलें नाहीं, त्यांचे तेच तेथें बसतात. ज्याला शंभर वेळां दूर बस म्हणून सांगितलें आहे, तो एकशेंएकाव्या वेळीं न सांगतांच दूर बसतो. त्याला जवळ यावयाचें असेल तर पुन्हां कोणी तरी बोलाविलें पाहिजे, आणि तेंही एकदां नव्हे.

येथें आम्हांला एका मुलीची आठवण होते. ‘ज्ञानोदय’ हें पत्र अमेरिकन मिशननें १८४२ सालीं अहमदनगरास सुरू केलें हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच्या १८५५ च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च या दोन अंकांत मांग व महार यांच्या दुःखाविषयीं एक निबंध छापला गेला. लिहिणारी मुक्ता साळवे, वय चौदा वर्षांचें, पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणारी. फुले दांपत्यानें १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली व पुढें अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठींही शाळा काढिल्या. त्या मुलीनें काय लिहिलें? ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिनें विचारिला. आपल्या लोकांच्या स्त्रियांना बाळंतपणांत डोक्यावर छप्परही नसतें, हें तिनें लिहिलें. विद्या हें या दुखण्यावरचें औषध आहे असें तिनें आपल्या लोकांना सांगितलें. ज्या मुलीला एका पिढीपूर्वीं कोणत्याही शाळेच्या पायरीवर बसतां आलें नसतें, तिला बसावयास जागा मिळाली, आणि थोड्याच वर्षांत तिच्या हातून हें लिहून झालें.

या निबंधाविषयीं आणखी एक गोष्ट आमच्या मनांत भरते. ती स्वतः मांग समाजाची. परंतु दुःख लिहावयास बसली तेव्हां तिनें दोघांचें दुःख लिहिलें. आमच्या मंडळ्यांत काय दिसतें? जेथें बहुतेक कुटुंबें एका पूर्वजातीचीं आहेत, तेथें दुसऱ्या पूर्वजातीचें एखादेंच घर असलें, तर त्या घरचें मूल सतरंजीच्या कोणत्या टोंकाला बसतें हें पाहावें. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या असतील. सोयरिकीच्या वेळीं जी गोष्ट हळूच विचारिली जाते, ती मुलांना कोणी न शिकवितां कळते. मुलें आईबापांच्या बोलण्यापेक्षां त्यांच्या वागण्यांतून अधिक शिकतात. हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. परंतु दाराबाहेर पारध्याचें मूल कां बसलें हें विचारणाऱ्यानें दारांतील मुलें कशीं बसलीं आहेत तेंही पाहिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, हल्लीं सरकारचा कायदा आहे, तो हें सर्व पाहून घेईल. कायदा आहे ही मोठी गोष्ट आहे. परंतु कायद्याचा आणि सतरंजीचा संबंध कसा असतो हें जुन्या इतिहासावरून कळेल. १८५६ च्या जून महिन्यांत एका महार मुलानें धारवाडच्या सरकारी शाळेंत आपणांस घ्यावें म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. तो मान्य झाला नाहीं. पुढें दोन वर्षांतच सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं खुल्या असाव्या असें विलायतेहून लिहून आलें. कागदावर दार उघडलें. त्यानंतर चाळीसांहून अधिक वर्षांनीं, १९०० सालीं, साताऱ्याच्या शाळेंत भीमराव नांवाचा एक मुलगा दाखल झाला. तेच पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. आपल्या त्या वेळच्या शाळेविषयीं त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे कीं वर्गांत आपण कोपऱ्यांत वेगळ्या गोणपाटावर बसत असूं, आणि तो गोणपाट संध्याकाळीं घरीं नेऊन सकाळीं परत आणावा लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपाई येऊन नळ उघडी तेव्हांच पाणी मिळे. शिपाई नसला तर पाणीही नाहीं. हजेरीपटावर त्यांचें नांव होतें, फी भरली होती, अभ्यासही तोच होता. फक्त गोणपाट वेगळा होता.

आज २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे व सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्यानें फुकट शिक्षणाचा हक्क दिला आहे. अपंग मुलांना २०१६ च्या कायद्यानें हा हक्क अठराव्या वर्षापर्यंत मिळाला आहे. शिक्षकांनीं हे दोन्ही कायदे जाणून घ्यावे व गांवांतील आईबापांना सांगावे, कारण पुष्कळांस त्यांची माहिती नसते. शब्बाथशाळेची तपासणी करावयास मात्र कोणी सरकारी अधिकारी येणार नाहीं; आम्हांवर याकोबाचें पत्र लागू आहे.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून येथेंच सांगतों. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यांत जो खारपाणपट्टा आहे, तेथील वाचकांना गोड्या पाण्याचें मोल सांगावयास नको. विहिरीचें पाणी खारट, नळाचें पाणी कित्येक दिवसांनीं येणार. मग शाळेच्या माठांत जें पाणी असतें तें जपून वापरावें लागतें. अशा ठिकाणीं कोणाला माठांत बुडवून घेऊं द्यावयाचें व कोणाच्या ओंजळींत वरून ओतावयाचें, हा प्रश्न कोणी तोंडानें न विचारतांच सुटलेला असतो. शिक्षकांनीं एका शब्बाथ दिवशीं कांहीं न बोलतां माठाकडे पाहत उभें राहावें. आमचें सांगणें इतकेंच कीं एक ओगराळें ठेवावें, सर्वांना त्यानेंच पाणी द्यावें, आणि पाणी वाढण्याची पाळी सर्व मुलांकडे क्रमानें यावी. जें मूल आजवर ओंजळ पुढें करीत आलें त्याच्याकडेही. ज्या घरचें मूल त्या दिवशीं पाणी प्यावयाचें टाळील, त्या घरीं शिक्षकांनीं त्याच संध्याकाळीं जावें. भांडावयास नव्हे, पण जावें.

आतां पारध्यांच्या मुलांकडे येऊं. फासे लावून तित्तर, लावा, ससे धरणारे म्हणून यांना फासेपारधी म्हणतात. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं एक कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची रीत पाडली. तींत पुढें पारधीही सांपडले. स्वराज्य आल्यावर १९५२ सालीं तो शिक्का कायद्यानें पुसला. लोकांच्या मनांतून तो पुसला गेला नाहीं. गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय पालावर, आणि पालावरचा संशय शाळेंतील मुलाच्या दप्तरापर्यंत येतो. वर्गांत पेन्सिल हरवली तर सर्व मुलें कोणाकडे पाहतात? अशा वेळीं शिक्षकांनीं आपले डोळे फार सांभाळावे, कारण मुलें शिक्षकांच्या डोळ्यांमागून जातात.

अमरावती जिल्ह्यांत नांदगांव खंडेश्वर तालुक्यांत मंगरूळ चव्हाळा नांवाचें गांव आहे. तेथें मतीन भोसले या फासेपारधी समाजांतील गृहस्थांनीं २०१२ सालीं एक आश्रमशाळा काढिली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक होते. रेल्वे स्टेशनांवर व रस्त्यांवर भीक मागणारीं आपल्या समाजाचीं मुलें त्यांनीं गोळा केलीं, आणि पगाराची नोकरी सोडून त्यांच्यासाठीं ते लोकांच्या दारांत मागावयास गेले. शाळेचें नांव त्यांनीं ‘प्रश्नचिन्ह’ ठेविलें. नांव ऐकून हंसूं येतें खरें. पण थोडा विचार केला कीं हंसूं जातें. २०१९ सालीं समृद्धी महामार्गाच्या कामांत या शाळेच्या जागेचा व बांधकामाचा कांहीं भाग गेला, त्यांत मुलांचें ग्रंथालयही गेलें. रस्ता सर्वांच्या सोयीसाठींच होतो हें आम्हांस मान्य आहे. तरी ज्यांच्या आजोबांना एका ठिकाणीं राहूं दिलें नाहीं, त्यांच्या नातवंडांनीं एका ठिकाणीं राहावयाचें ठरविलें आणि रस्ता नेमका तेथूनच गेला, हें वाचून मन खिन्न होतें.

“आज आहेत, उद्यां नाहींत” या आमच्या बंधूंच्या म्हणण्याला आम्ही असें उत्तर देऊं. खरें आहे, पाल उठेल. मग त्या मुलाचे सहा शब्बाथ आपल्याजवळ आहेत असें समजावें व त्या सहांचा हिशेब ठेवावा. पहिल्याच दिवशीं त्याचें नांव हजेरीपटावर लिहावें. महिनाभर येतो कीं नाहीं तें पाहून मग लिहूं असें म्हणूं नये. आपलें नांव वहींत लिहिलेलें आहे व तें मोठ्यानें पुकारलें जातें, ही त्या मुलाच्या आयुष्यांतील नवी गोष्ट असूं शकेल. धडा त्याच दिवशीं पुरा होईल असा सांगावा. योसेफाची गोष्ट खड्ड्यापर्यंत आणून पुढच्या शब्बाथावर ठेवूं नये, कारण ज्या मुलाचें पाल मंगळवारीं उठणार त्याच्या मनांत योसेफ जन्मभर खड्ड्यांतच राहील.

आणि त्याला बोलूं द्यावें. चिमण्यांविषयींचा प्रभूचा बोध ज्या दिवशीं असेल त्या दिवशीं पारध्याच्या मुलाला विचारावें कीं तित्तर कोठें घरटें करितो, लावा पिलांना कसा लपवितो, पक्षी घाबरला म्हणजे कसा ओरडतो. ही विद्या शिक्षकांजवळ नाहीं, पाळकांजवळ नाहीं, शेतकऱ्याच्या मुलाजवळही थोडीच आहे. ज्या वर्गांत तो सर्वांच्या मागें होता त्याच वर्गांत त्या दिवशीं त्याचें ऐकण्यासाठीं मुलें माना वळवितील. नुसतें सतरंजीवर बसविल्यानें मूल वर्गाचें होत नाहीं. वर्गाला त्याच्यापासून कांहीं मिळालें म्हणजे तें वर्गाचें होतें.

आतां दुसरा शास्त्रपाठ. मफीबोशेथ हा योनाथानाचा मुलगा. तो पांच वर्षांचा असतां दाई त्याला घेऊन पळत होती, तो पडला व दोन्ही पायांनीं लंगडा झाला. पुढें दाविदानें त्याला शोधून आणविलें. राजानें त्याच्यासाठीं अन्न घरीं पाठवून दिलें असतें तरी लोकांनीं राजाची स्तुति केली असती. परंतु दाविदानें त्याला आपल्या मेजाशीं बसविलें, आणि तो राजपुत्रांपैकीं एक असल्याप्रमाणें तेथें नित्य जेवूं लागला. मेजाशीं बसल्यावर कोणाचे पाय कसे आहेत हें दिसत नाहीं, ही गोष्ट मुलांना सांगावी. त्यांना ती फार आवडते.

अशाच प्रकारचें एक घर आमच्या जिल्ह्यांत आहे. अचलपूर तालुक्यांत परतवाड्याजवळ वझ्झर येथें श्री. शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या अपंग, आंधळ्या, बहिऱ्या व मंदबुद्धीच्या मुलांना आणून वाढविलें. या मुलांना बापाचें नांव नव्हतें; त्यांनीं तें दिलें. शाळेच्या वहींत, सरकारी कागदांत, बापाच्या जागीं त्यांचेंच नांव आहे. अठरा वर्षें पुरीं झालीं कीं बालगृहांतून मुलांना बाहेर काढावें असा नियम आहे. अशीं मुलें अठराव्या वर्षीं कोठें जाणार, त्यांना जन्मभर राहूं द्या, असें ते सरकारकडे अनेक वर्षें मागत आले. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं त्यांच्या घरची एक आंधळी मुलगी, जी तान्हेपणीं टाकून दिलेली सांपडली होती, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उतरली. हें मिशनचें काम नव्हे. शंकरबाबा आमच्या मंडळींतील नव्हेत. म्हणूनच तें आम्ही येथें मुद्दाम लिहितों. केडगांवास पंडिता रमाबाईंनीं आंधळ्या मुलींना शिकविण्याची सोय केली होती, मुंबईस अमेरिकन मिशननें १९०० सालीं आंधळ्यांची शाळा काढिली होती. या गोष्टी आम्ही अभिमानानें सांगतों. पण पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळीच्या ओसरीवर आज एकही अपंग मूल दिसूं नये, आणि गांवांत तर तें असावें, हें कसें?

कारण विचारलें तर आईबाप म्हणतात, त्याला काय समजतें. आणि शिक्षक म्हणतात, आम्हांला शिकवितां येत नाहीं. दोन्ही उत्तरें भीतीचीं आहेत. कांहीं साध्या गोष्टी कोणालाही करितां येतात. बहिऱ्या मुलाला पुढें बसवावें व शिक्षकांनीं आपलें तोंड उजेडाकडे ठेवून बोलावें. पाठ फिरवून फळ्याशीं बोललें कीं त्याचा धडा तेथेंच संपला. आंधळ्या मुलाचें पाठांतर बहुधा डोळसांहून चांगलें असतें. त्याच्याकडे स्तोत्र सुरू करून देण्याचें काम द्यावें. अडखळत बोलणाऱ्या मुलाचें वाक्य दुसऱ्यानें पुरें करूं नये. फेफरें येणाऱ्या मुलाविषयीं तर गांवांत फारच गैरसमज आहेत. तें दुखणें मेंदूचें आहे, एकाचें दुसऱ्याला लागत नाहीं, व औषधानें पुष्कळांचें आटोक्यांत राहतें. झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावें, आसपासचे दगड, पाट दूर करावे, तोंडांत कांहीं घालूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. कांदा किंवा जोडा हुंगविण्याची चाल अगदीं सोडून द्यावी. झटका पांच मिनिटांत थांबला नाहीं तर दवाखान्यांत न्यावें. थांबल्यावर मुलाला घरीं पाठवून न देतां थोडी विश्रांति देऊन पुन्हां वर्गांत बसवावें, म्हणजे इतर मुलांची भीतीही जाईल.

महारोगाविषयीं दोन शब्द. परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशनचें महारोग्यांचें काम, आणि अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचें तपोवन, हीं वाचकांस ठाऊक आहेत. १९८२ पासून या रोगावर अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला व रोग पुरता बरा होतो. असें असतां ज्या मुलाची आई किंवा आजा या रोगानें आजारी होता त्याच्याजवळ अजून आपण आपलें मूल बसवीत नसूं, तर आपलें ज्ञान चाळीस वर्षें मागें आहे.

तिसरा शास्त्रपाठ भाषेविषयीं आहे. यरुशलेमांतील मंडळींत रोजच्या वांटणींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊं लागलें. कोणी दुष्टपणानें केलें असें शास्त्र म्हणत नाहीं. वाढणारे इब्री बोलणारे. जिची हांक समजली तिला प्रथम वाढलें, असें झालें असावें. मंडळीनें सात माणसें निवडलीं, आणि त्या सातांचीं नांवें वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सारीं ग्रीक नांवें आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हातीं वांटणी दिली.

मेळघाटांत, धारणी व चिखलदरा तालुक्यांत, कोरकू मुलें घरीं जी भाषा बोलतात ती मराठीची पोटभाषा नव्हे. तिचें कुळच वेगळें, तिचें नातें दूरच्या संथाळी, मुंडारी या भाषांशीं आहे. हें ओळखून एलिचपूरच्या कोरकू मिशनचे जॉन ड्रेक यांनीं तिचें व्याकरण लिहिलें, तें १९०३ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. शंभराहून अधिक वर्षें झालीं, तरी सपाटीवरून गेलेला शिक्षक पहिल्या दिवशीं मराठींत प्रश्न विचारतो, मूल गप्प राहतें, आणि वहींत शेरा पडतो कीं मूल मंद आहे. मंद कोण आहे? यरुशलेमची रीत येथें लागू करावी. मोठ्या कोरकू मुलींपैकीं एकीला अगोदर गोष्ट समजावून द्यावी, तिनें ती कोरकूंत सांगावी, मग शिक्षकांनीं मराठींत सांगावी. असें केलें कीं दुसऱ्या महिन्यांत मराठी शब्द आपोआप येऊं लागतात. आणि मेळघाटच कशाला? आमच्या वऱ्हाडी मुलांनीं ‘पोट्टा’ म्हटलें, ‘मले’ म्हटलें, कीं पुण्या-मुंबईचें पुस्तक हातीं धरलेला मास्तर हंसतो. ज्या जिभेनें मूल घरीं प्रार्थना करितें त्या जिभेला हंसूं नये.

मुलींविषयीं थोडक्यांत. शब्बाथशाळेंत मुली पुष्कळ येतात, म्हणून त्यांचें सर्व ठीक आहे असें आपण समजतों. परंतु जी कडेवर धाकटा भाऊ घेऊन येते ती कोठें बसते? दारांत, कारण पोर रडलें तर उठून जातां यावें. तिचा अर्धा धडा नेहमीं बाहेरच होतो. बायबल बाईंनीं किंवा एखाद्या वडील बहिणीनें शाळेच्या वेळेपुरतें तें मूल घ्यावें. वेचणीच्या दिवसांत जीं मुलें आईबरोबर पहाटे शेतांत जातात तीं गैरहजर राहतात. मग नाताळांत हजेरीचें बक्षीस ज्यांना वेचावयास जावें लागत नाहीं त्यांनाच मिळतें. बक्षीस द्यावयाचेंच तर दिवाळीपासून पौषापर्यंतची हजेरी त्यांत धरूं नये, किंवा त्या दिवसांत वर्ग रात्रीं भरवावा.

नाताळच्या नाटकाचाही उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कित्येक गांवीं आम्हीं पाहिलें आहे कीं गब्रिएल दूत दर वर्षीं पंचांच्या घरचा असतो, मरीया गोऱ्या रंगाची शोधिली जाते, आणि ज्यांचें कोणी नाहीं तीं मुलें मेंढरें होतात. मेंढराला बोलावयास वाक्य नसतें.

अमरावतीस १९२० च्या दशकांत डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं श्रद्धानंद छात्रालय चालविलें. तेथें सर्व जातींचे विद्यार्थी एकत्र राहत व एका पंगतीला बसत. त्या काळीं ही गोष्ट सोपी नव्हती. शब्बाथशाळेच्या नाताळच्या जेवणांत पंगत एक असते हें खरें. वाढणारे हात कोणाचे असतात तें या वर्षीं पाहावें.

त्या अकोल्याकडील गांवीं आम्हीं दुसऱ्या खेपेस जाण्यापूर्वींच पाल उठलें होतें. हजेरीपटाच्या शेवटीं मात्र दोन नांवें लिहिलेलीं आढळलीं. त्यांच्यापुढें तीन शब्बाथांच्या खुणा होत्या, मग रिकामीं घरें. शिक्षकबंधूंनीं तीं नांवें खोडलीं नव्हतीं. त्यांनीं आम्हांस विचारिलें, “पुढच्या साली आले तं हेच पान चालू ठेवाव काय जी?” आम्हीं होय म्हटलें.

शिक्षकांच्या मासिक सभेंत विचारासाठीं : आपल्या गांवांत सहा ते चौदा वर्षांचीं किती मुलें आहेत, आणि त्यांपैकीं किती आपल्या ओसरीवर कधींच आलीं नाहींत? त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत काय? मागील शब्बाथीं प्रश्नांचीं उत्तरें कोणीं कोणीं दिलीं, व ज्याला एकही प्रश्न विचारला गेला नाहीं असें मूल कोणतें? आपल्या माठाला ओगराळें आहे काय? पुढील सभेस येतांना प्रत्येक शिक्षकानें आपल्या वर्गाची सतरंजी कागदावर काढून, कोण कोठें बसतें तें नांवासह लिहून आणावें.